प्रकल्प संपायची तारीख आधी विचारा

गावात परदेशी पैशाचा प्रकल्प येतोय अशी कुणकुण लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती कोटी आलेत? दुसरा: खात्यावर कधी पडणार? पाणलोटाच्या कामात समाज संघटिका म्हणून माझी उमेदवारी संगमनेर-पारनेरच्या दुष्काळी पट्ट्यात झाली. नंतर जालना-परभणीकडे लोकांना प्रशिक्षणं देत फिरले. आता नोकरी नाही, पण फोन येतात. कधी नवी सरपंच असते, कधी बचत गटाची अध्यक्षा, कधी शेतकरी कंपनीचा संचालक. ‘ताई, जागतिक बँकेचा प्रकल्प आलाय, आम्ही काय करायचं?’ मी उलट विचारते, ‘संपतो कधी?’ ते कुणालाच माहीत नसतं.

तिथूनच सुरुवात करा. प्रत्येक प्रकल्पाला संपायची तारीख असते, साहेब लोक तिला क्लोजिंग डेट म्हणतात. ती करारात छापलेली असते आणि तुमच्या गावातली पहिली बैठक होण्याआधीच घड्याळ सुरू झालेलं असतं. माणसं नेमणं, सल्लागार संस्था ठरवणं, ॲप बनवणं यात सुरुवातीचा काळ जातो. शेवटचं वर्ष हिशेब मिटवण्यात जातं. म्हणून वर्षं मोजू नका, कामाचे हंगाम मोजा. मातीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि मृगाच्या आधी थांबतं. त्यातून लग्नसराई वजा करा, निवडणूक असेल तर आचारसंहिता वजा करा, ऊसतोडीला गेलेली घरं वजा करा. सहा वर्षांचा म्हणून गाजलेला प्रकल्प गावाच्या हाताला तीन-चार हंगामच लागतो. हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा आणि मगच पुढचं बोला.

पैसा कुणाचा, आला कोणत्या वाटेनं

२५ सप्टेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ शाश्वत विकास ध्येयं आणि त्यांखालची १६९ लक्ष्यं मान्य केली, हे स्पर्धा परीक्षेची पोरं झोपेतही सांगतात. त्यातलं सतरावं ध्येय देशांनी एकमेकांना हात देण्याचं आहे. श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यावी, असं तर १९७० पासून ठरलेलं आहे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग असे मोजके देश सोडले तर बहुतेकांनी ते पाळलेलं नाही. त्यामुळे आपल्या शिवारात येणारा मोठा पैसा बहुतेक वेळा दान नसतो, कर्ज असतं.

पोकरा सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. जागतिक बँकेने २०१८ मध्ये त्याला ४२ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, राज्याने आपला वाटा घातला आणि एकूण मामला सुमारे ४,००० कोटी रुपयांचा झाला. विदर्भ-मराठवाड्यातले जिल्हे, जळगाव आणि पूर्णेकाठचा खारपाणपट्टा मिळून पाच हजारांवर गावं त्यात होती. ते कर्ज फेडायचं कुणी? तुम्हीआम्हीच, करातून. म्हणून बैठकीत ‘बँकेने आपल्यावर उपकार केले’ असं भाषण कुणी सुरू केलं तर त्याला बसवा. कर्जदार माणूस सावकारापुढे हात जोडत नाही, व्याजाचा दर विचारतो.

दुसरी वाट अनुदानाची. कोकणात हरित हवामान निधीचा, म्हणजे हवामान बदलाशी झुंजणाऱ्या कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीचा, प्रकल्प आला तो असा. २०१८ मध्येच मंजूर झालेला, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी. एकूण सुमारे १३ कोटी डॉलर, त्यात निधीचं अनुदान ४.३४ कोटी डॉलर, बाकीचा बराचसा भार राज्य सरकारांचा. मध्ये यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम, आणि आपल्याकडे काम पाहणार वनविभागाचा कांदळवन कक्ष. म्हणजे ‘परदेशी’ म्हणवणाऱ्या या प्रकल्पातही दोन तृतीयांश पैसा देशातलाच.

तिसरी वाट स्वयंसेवी संस्थेची. जर्मनीतली किंवा स्वित्झर्लंडमधली एखादी संस्था इथल्या संस्थेला थेट पैसे देते, आणि तिथे परकीय योगदान विनियमन कायदा लागतो. त्याचं पुढे सांगते.

वाट कळली की कुणाला काय विचारायचं ते कळतं. सरकारमार्फत आलेल्या कर्जावर किंवा अनुदानावर माहितीचा अधिकार चालतो. तालुका कृषी कार्यालयात, प्रकल्प संचालकांकडे सरळ अर्ज करता येतो. संस्थेचा पैसा असेल तर संस्थेच्या लेखापरीक्षित हिशेबाची प्रत मागा. चांगली संस्था आनंदाने देते. वाईट वाटून घेणारी संस्था असेल तर तेही लवकर कळलेलं बरं.

कागद कुठला वाचायचा

जागतिक बँकेच्या प्रत्येक प्रकल्पाला ‘पी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, हरित हवामान निधीच्या बहुतेक प्रकल्पांना ‘एफपी’ने. किनारपट्टीच्या प्रकल्पाचा एफपी०८४. हा क्रमांक मिळाला की सगळी कागदपत्रं त्यांच्या संकेतस्थळावर उघडी पडलेली सापडतात. शंभर-दीडशे पानांचं इंग्रजी पाहून छाती दडपते, पण सगळं वाचायचं नाही. गावात एखादी पदवीची मुलगी असतेच, तिला चार जागा शोधायला सांगा.

पहिली, संपायची तारीख. दुसरी, घटकवार खर्चाचा तक्ता: शेतात किती, प्रशिक्षणात किती, ‘प्रकल्प व्यवस्थापन’ या नावाखाली किती. तिसरी, पर्यावरण आणि सामाजिक बाबतीत सरकारने काय काय कबूल केलंय ते. तक्रार करायची वेळ आली तर हेच पान कामाला येतं. चौथी सगळ्यांत महत्त्वाची, निकालांचा तक्ता. प्रकल्प यशस्वी झाला की नाही हे बँक कशावरून ठरवणार, ते त्यात ओळीओळीने दिलेलं असतं: इतके हेक्टर, इतके शेतकरी, त्यात इतके टक्के महिला.

या तक्त्याचा उपयोग असा. अधिकाऱ्यावर दडपण असतं ते त्या आकड्यांचं, तुमच्या अर्जाचं नव्हे. तुमची मागणी त्यातल्या एखाद्या ओळीत बसत असेल तर ती ओळ दाखवून मागा. महिला लाभार्थींचं प्रमाण मागे पडलेलं असेल तर तुमच्या गटाच्या प्रस्तावाला अचानक पंख फुटतात. मोबाइलवर भाषांतर करून वाचलं तरी चालेल, फक्त आकडे आणि एककं मूळ कागदावरून तपासा.

ग्रामसभेचा ठराव प्रकल्पाच्या आधी हवा

हे काम प्रकल्पाची वाट न पाहता करायचं. ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखडा दरवर्षी होतो, त्याची मोहीम गांधी जयंतीपासून सुरू होते. पंचायत राज मंत्रालयाने १७ ध्येयांची गावासाठी नऊ संकल्पनांत मांडणी केली आहे: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध, स्वच्छ आणि हरित, पायाभूत सुविधांत स्वयंपूर्ण, सामाजिक न्यायाचं, सुशासनाचं आणि महिलास्नेही गाव. बहुतेक ठिकाणी ग्रामसेवक एक-दोन संकल्पना टिकमार्क करून आराखडा वर टाकतात. तुम्ही तसं होऊ देऊ नका. जलसमृद्ध गाव निवडलं असेल तर कोणत्या वस्तीला कोणत्या महिन्यात टँकर लागतो, कोणत्या नाल्यावरचा बंधारा फुटलाय, जमिनीच्या कोणत्या गटात (सातबाऱ्यावरच्या तुकड्यात) माती वाहते, हे ठरावात गट नंबरासह आलं पाहिजे.

हा ठराव हातात असला की बाहेरून आलेल्या माणसाला तुमच्या यादीवरून काम करावं लागतं. नसला की तो त्याची यादी घेऊन येतो. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला ठेवला होता. परदेशी प्रकल्पातून बंधारा आणि आयोगाच्या पैशातून त्याची दुरुस्ती, असं जोडकाम आराखड्यातच मांडलं तर साहेबही खूश होतात, कारण त्यांच्या अहवालात त्याला ‘अभिसरण’ म्हणून वेगळा रकाना असतो.

शिवारफेरी, गट नंबर घेऊन

आता माझ्या आवडीचा भाग. परदेशी मदतीतून या महाराष्ट्राला काही शिकायला मिळालं असेल तर ते गटवार नियोजन, ज्याला आम्ही नेट प्लॅनिंग म्हणायचो. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात ते रुजलं. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये भारतात आले आणि अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दुष्काळात त्यांनी आयुष्य घातलं. जर्मन सरकारचा पैसा केएफडब्ल्यू या त्यांच्याच विकास बँकेमार्फत आला, इकडे नाबार्डने तो सांभाळला, आणि गावांची तयारी करून घ्यायला १९९३ मध्ये ‘वॉटर’ (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था उभी राहिली. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे तिथलं गाजलेलं गाव.

पद्धत सांगते, कारण ती कुठल्याही प्रकल्पात वापरता येते. गाव नकाशा, सातबारा आणि आठ-अ घेऊन माथ्यावरून सुरुवात करायची, पायथ्याला शेवट. उलट केलंत तर वरचं पाणी खालची कामं धुऊन नेतं. एकेका गटात ज्याचं शेत त्याला उभं करायचं, आणि एकट्याला नाही, नवरा-बायको दोघांना. उतार मोजायचा. त्याला यंत्र लागत नाही. तीन बांबूंचा ए-फ्रेम बांधून मधोमध दगड लटकवला, किंवा दोन पट्ट्यांना पारदर्शक नळी लावून तिच्यात पाणी भरलं, की समपातळी रेषा सापडते. मातीची खोली बघायला खड्डा घ्यायचा. जवळ विहीर असेल तर तिच्या कडेला माती, मुरूम, खडक सगळं दिसतंच. मग विचारायचं: इथे काय करायचं? उत्तर तक्त्यात लिहायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पुढच्या गटात जायचं.

दोघांना का उभं करायचं ते एकदा पाहिलं की पटतं. एका शेतात नवरा म्हणाला, खालच्या कडेला बांध घाला, वाहून गेलेली माती अडेल. अभियंत्याने मान डोलावली, मोजमाप झालं. बायको तोवर गप्प होती. सांडवा, म्हणजे जादा पाण्याची वाट, कुठे काढणार, असं मी तिलाच विचारलं, तेव्हा तिने हात करून दाखवलं, ‘इथनं काढला तर पाणी माझ्या कांद्याच्या रोपावर येतंय. आणि तिकडनं काढला तर जावेच्या घराच्या भिंतीला लागतंय.’ नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण रोपाला पाणी तीच द्यायची आणि जावेशी भांडणही तिचंच व्हायचं. सांडवा मग दगडी पिचिंग करून तिसऱ्याच बाजूने, नाल्याच्या अंगाला काढला. कागदावर ही एक रेघ होती. शेतात ती नसती तर पहिल्याच वळवाने बांध कुणीतरी रातोरात फोडला असता.

या पद्धतीला वेळ लागतो. हजार हेक्टरचं शिवार असेल तर एक हंगाम त्यातच जातो आणि वरून विचारणा सुरू होते, ‘खर्च का दिसत नाही?’ अशा वेळी ठाम राहा. जर्मन कार्यक्रमात आधी गावाने एक छोटा तुकडा करून दाखवायचा, तो नीट जमला तरच पूर्ण शिवाराला मंजुरी, असा नियम होता. तुमच्या प्रकल्पात तो नसला तरी तुम्ही मागा: आधी एक ओघळ, पुढच्या हंगामात बाकीचं.

दुसरा नियम श्रमदानाचा. मजुरीच्या साधारण १६ टक्के गावाने घालायचे. फुकटचं काम कुणी सांभाळत नाही, हा त्यामागचा हिशेब बरोबर आहे. पण श्रमदान कोण करतं ते बघा. ज्याची वीस एकर आहे त्याच्या बांधावर भूमिहीन बाई फुकट टोपली उचलत असेल तर ते श्रमदान नव्हे, वेठ आहे. भूमिहीन आणि एकट्या बाईचं घर यातून वगळा आणि तसं ठरावात लिहा.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीचंही तेच. डोंगर हिरवा व्हायला ती लागते, यात शंका नाही. पण ‘ठराव एकमताने मंजूर’ असं ज्या दिवशी लिहिलं जातं त्या दिवशी शेळ्या-मेंढ्यांवाले सभेत होते का? बंदी तुकड्यातुकड्याने घाला, एक बाजू बंद तर दुसरी खुली. बंद भागातलं गवत कापून न्यायला सर्वांत आधी त्यांनाच परवानगी द्या. मेंढपाळाला वगळून केलेली बंदी फार टिकत नाही, आणि टिकू नयेच असं माझं मत.

संस्थेला स्वतः अर्ज करायचा असेल

लहान संस्था, महिला मंडळं विचारतात की आम्हालाच थेट निधी मिळेल का. मिळतो, पण आधी कायदा समजून घ्या. परदेशी देणगी घ्यायला परकीय योगदान विनियमन कायदा, २०१० खाली नोंदणी लागते. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या उद्देशांवर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीने आणखी आवळलं: खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उघडायचं, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा, आणि मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. पूर्वी मोठी संस्था पैसे आणायची आणि तालुक्याच्या लहान संस्थांना वाटून द्यायची, ती वाट बंद झाली. त्यामुळे ‘आमच्या नावावर पैसे आणून तुम्हाला देतो’ असं कुणी म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या.

मात्र एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. संयुक्त राष्ट्रं, तिच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक या कायद्यात ‘परकीय स्रोत’ धरल्याच जात नाहीत. म्हणून जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा १९९२ पासून चालू असलेला लघु अनुदान कार्यक्रम लहान संस्थांनी जरूर पाहावा. त्यात बराच काळ एका प्रस्तावाला ५० हजार डॉलर ही कमाल मर्यादा होती, म्हणजे तालुका पातळीच्या संस्थेला पेलेल एवढीच रक्कम. प्रस्ताव मागवल्याची जाहिरात येते तेव्हा कोणते जिल्हे आणि कोणते विषय घेतलेत ते आधी वाचा, आणि पैसे तुमच्या खात्यावर कोणत्या संस्थेकडून येणार आहेत ते सनदी लेखापालाला दाखवून घ्या.

प्रस्ताव लिहिताना १७ च्या १७ ध्येयांची रंगीत चित्रं पहिल्या पानावर चिकटवू नका. वाचणाऱ्याला ती पाठ असतात. दोन ध्येयं घ्या आणि ती तुमच्या गावात कशी दिसतात ते सांगा. ‘महिला सक्षमीकरण’ असं लिहिण्यापेक्षा ‘गटाच्या अकरा बायका रोज दीड तास पाण्यासाठी चालतात, तो वेळ अर्ध्यावर आणू’ असं लिहा. आणि एवढं लिहिलंत तर आजचा दीड तास खरंच मोजून ठेवा, कारण वर्षाने कुणीतरी विचारायला येणार आहे.

मिशन येतं तेव्हा

सहा महिन्यांनी ‘मिशन येतंय’ असा निरोप येतो. म्हणजे बँकेचं किंवा निधीचं पथक. लगेच रांगोळ्या, फेटे, लेझीम, शाळेच्या पोरींना नऊवारी. हौस असेल तर करा, पण पथकाकडे गावासाठी असतात दोन तास, आणि त्यातला एक तास औक्षणात गेला की ज्याला बोलायचंय तो राहून जातो. काही अधिकाऱ्यांना तेच हवं असतं.

त्याऐवजी आदल्या दिवशी ठरवा की बोलणार कोण. दोन माणसं पुरतात, त्यातली एक बाई. पाहुण्याने बचत गटाच्या बाईला प्रश्न विचारला आणि उत्तर शेजारी उभ्या कृषी सहायकाने दिलं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता प्रशिक्षणात त्याची तालीमच घेते. ‘दादा, मला विचारलंय, मी सांगते’ हे वाक्य बायकांकडून मोठ्याने म्हणवून घेते. आधी हशा पिकतो, मग आवाज फुटतो. पथकाला चांगलं काम दाखवा आणि एक बिघडलेलंही दाखवा. फुटका बंधारा दाखवल्याने कुणी प्रकल्प काढून घेत नाही, उलट दुरुस्तीची तरतूद त्याच भेटीत निघते. भेटीनंतर पथक आणि सरकार मिळून एक टिपण करतात, त्यात काय ठरलं आणि कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. गावाचा उल्लेख त्यात कसा आलाय ते नंतर विचारून घ्या.

आकडे तुमचेही ठेवा

प्रकल्पाचे आकडे खोटे असतात असं मी म्हणत नाही. पण ते प्रकल्पाच्या सोयीचे असतात. एकच बाई तीन प्रशिक्षणांना बसली की कधीकधी तीन लाभार्थी होतात. शेततळी इतकी झाली हा आकडा खरा असतो, पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं तळं पावसाने भरलं की बोअर उपसून भरलं, हे त्या आकड्यात दिसत नाही. भूजल उपसून उन्हात ठेवलेलं पाणी अहवालात मात्र ‘जलसंधारण’ होतं. जलसमृद्धीचा असा उलटा कारभार मराठवाड्यात हिंडणाऱ्या कुणालाही दिसेल.

म्हणून गावाने आपली एक वही घालावी. पाच विहिरी निवडा: दोन माथ्याकडच्या, एक मधली, दोन पायथ्याच्या. दिवाळीच्या सुमारास आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा आणि तारीख घालून लिहा. पहिला टँकर कोणत्या तारखेला आला तेही लिहा. पोकरात गावाच्या पाण्याच्या ताळेबंदासाठी आयआयटी मुंबईने केलेली पद्धत वापरली गेली. तसा ताळेबंद तुमच्याकडे झाला असेल तर त्याची छापील प्रत मागून घ्या आणि आपल्या वहीशी ताडून पाहा. पाऊस किती पडला, पिकांना किती लागतं, उरतं किती. उसाचा आकडा वाचताना सभेत जी चुळबुळ होते ती बघण्यासारखी असते.

आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. थेट लाभ हस्तांतरणाच्या योजनांत शेतकऱ्याने आधी खर्च करायचा आणि मागून अनुदान खात्यावर यायचं, अशी रीत असते. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा नाही तो आपोआप गळतो. यादीत मोठेच शेतकरी का, याचं उत्तर बहुधा हेच असतं. गटाने किंवा पतसंस्थेने मधल्या काळापुरतं बिनव्याजी उसनं देण्याची सोय केली तर लहान शेतकरी टिकतो. ही सोय प्रकल्प करणार नाही, गावालाच करावी लागेल.

तक्रार करायची तर

आधी प्रकल्पाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, लेखी, पोच घेऊन. बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात, कारण तक्रारींची नोंद वरपर्यंत जाते आणि पथक ती पाहतं. तिथे दाद लागली नाही तर जागतिक बँकेची स्वतःची तक्रार सेवा आहे आणि त्याच्याही वर तपासणी मंडळ आहे. हे मंडळ आपल्याच माणसांच्या लढ्यातून जन्मलंय, हे नंदुरबारच्या पोरांना तरी ठाऊक असावं. सरदार सरोवराला बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. नर्मदाकाठच्या लोकांनी, त्यात आपल्या अक्राणी-अक्कलकुव्याचे आदिवासी होते, इतकं लावून धरलं की बँकेला यूएनडीपीचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र आढावा नेमावा लागला. १९९२ चा तो अहवाल बँकेला झोंबणारा होता. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणं थांबवलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. बाधित झालेल्या दोन माणसांनी मिळून अर्ज केला तरी चालतो, आणि तो मराठीत लिहिला तरी चालतो. फक्त प्रकल्प संपून फार काळ गेला की ती खिडकी बंद होते.

संपण्याच्या एक हंगाम आधी

आता पुन्हा त्या तारखेकडे या. ती एक हंगाम अलीकडे आली की आवराआवर सुरू करा. तारीख नेहमी छापल्याप्रमाणेच येईल असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एका आदेशाने गोठवली आणि जगभरातली कामं अर्ध्यावर थांबली. म्हणून पहिल्या हंगामात कार्यालयाच्या खुर्च्या आणि फलकांवर खर्च होऊ देऊ नका, शिवारात होऊ द्या.

काय मागे उरतं, तर संस्था उरते. आयफॅड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीच्या कर्जातून २००७ ते २०१८ या काळात ‘माविम’ने, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाने, तेजस्विनी कार्यक्रम चालवला. त्यातून बचत गटांची लोकसंचालित साधन केंद्रं उभी राहिली. गटांकडून सेवाशुल्क घेऊन, बँकांची कर्जं मिळवून देऊन त्यांनी आपला खर्च आपण काढायला सुरुवात केली, आणि प्रकल्प संपल्यावरही ती चालू राहिली. तुमच्या पाणलोट समितीला, खेकडापालन गटाला प्रकल्पानंतर पगार कुठून, डिझेल कुठून, खेकड्याची पिल्लं कुठून, हे आधी ठरलेलं हवं. कोकणात ही पिल्लं तमिळनाडूच्या उबवणी केंद्रातून आणावी लागायची. ती गाडी कोण बोलावणार, हा प्रश्न प्रकल्प अधिकारी असेपर्यंत कुणालाच पडत नाही.

देखभाल निधी वेगळ्या खात्यात ठेवा, सह्या तिघांच्या, त्यातली एक बाई. केलेली कामं ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत चढवून घ्या, नाहीतर उद्या बंधारा फुटला की तो कुणाचाच नसतो. प्रकल्पाचे कर्मचारी कंत्राटी असतात आणि दुसरी नोकरी शोधायला क्लोजिंगच्या दोन-तीन महिने आधीच निघून जातात. त्यांना दोष नाही, त्यांनाही घर आहे. पण त्यांच्या लॅपटॉपमध्ये आणि प्रकल्पाच्या ॲपमध्ये तुमच्या गावाचा नकाशा, गटवार तक्ते, विहिरींच्या नोंदी असतात. ॲप बंद पडलं की सगळं गेलं. तेव्हा ते जाण्याआधी नकाशा मोठ्या कागदावर छापून घ्या, तक्त्यांची एक प्रत फाइलला लावा, दुसरी शाळेत ठेवा, आणि पेन ड्राइव्ह ग्रामसेवकाच्या खिशात न ठेवता ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. ग्रामसेवकाची बदली होते.